काळोबा

रात्री दीडला आई पाणी प्यायला उठली आणि हॉलच्या दारातच थबकली. दिवा बंद होता. मी जेवणाच्या टेबलाशी वाकून बसलेलो. समोर लॅपटॉप, आणि लॅपटॉपवर ना चित्र ना रंग, नुसता काळा पडदा. त्याच्या वरच्या कोपऱ्यात एक पांढरी उभी रेघ लुकलुकत होती.

"बिघडलाय का रे?"

"नाही गं. काम चाललंय."

ती माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली. मी एक ओळ टाइप केली, दोनदा वाचली, एंटर मारला. जरा वेळानं रेघ एक ओळ खाली उतरली आणि पुन्हा लुकलुकायला लागली. मी खुर्चीत मागे रेललो.

"झालं?"

"झालं. अकरा सर्व्हर बंद केले."

आईनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "अकरा बंद केलेस, आणि तो साधं 'बरं' पण म्हणाला नाही?"

आमच्या गावी, जुन्नरकडे, शिवेवर काळोबाचं ठाणं आहे. त्याला शेंदूर नाही, चांदीचे डोळे नाहीत. बाभळीखाली एक काळा दगड, इतकंच. त्याच्यापुढे नवस बोलायचा तो नाव, गाव, काम, मुदत सगळं नीट घेऊन. अर्धवट बोललात तर तो अर्धवटच पावतो, अशी त्याची ख्याती. गावातल्या एकानं 'पोरगं परत येऊ दे' एवढंच म्हटलं, तर पोरगं आलं आणि आठ दिवसांत पुन्हा गेलं, ही गोष्ट मी लहानपणी दहा वेळा ऐकली असेल. आई रिकामा तांब्या घेऊन परत जाताना म्हणाली, "हा तर आपला काळोबाच की."

ही २०१९च्या थंडीतली गोष्ट. तेव्हापासून आमच्या शारजाच्या घरात त्या काळ्या पडद्याला टर्मिनल कुणी म्हणत नाही. "बाबा काळोबापाशी आहेत," असं मुलगी फोनवर सांगते, आणि पलीकडच्याला मी अचानक भाविक झालो असं वाटतं.

त्याच्या मुकेपणाबद्दल आधी सांगतो, कारण नवख्या माणसाला पहिला त्रास त्याचाच होतो. माऊसनं काम करणाऱ्यांना सवय असते ती हिरव्या टिकलीची, 'यशस्वीरीत्या पूर्ण' अशा पाटीची. काळोबाच्या घराण्यात काम झालं की गप्प बसायची रीत आहे. बोलला म्हणजे काहीतरी बिनसलं. आमचे आप्पा जेवताना असेच. पानावरून उठेपर्यंत एक शब्द नाही. तोंड उघडलं की आईनं समजायचं, मीठ कमी पडलं. त्यामुळे आईला त्याचा स्वभाव कळायला माझ्याइतके दिवस लागले नाहीत.

घराणं जुनं आहे. संगणकाला पडदा नव्हता तेव्हा काळोबा कागदावर राहायचा. टेलिटाइप नावाचं टंकयंत्र होतं. त्यातलं १९६३चं मॉडेल ३३ सेकंदाला फार तर दहा अक्षरं उमटवायचं. १९६९पासून बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि मंडळींनी युनिक्स घडवलं ते अशाच खडखडणाऱ्या यंत्रांपुढे बसून. म्हणून आज्ञांची नावं इतकी खुडलेली: लिस्टचं 'एलएस', कॉपीचं 'सीपी', रिमूव्हचं 'आरएम'. पुढे पडदे आले. १९७८च्या व्हीटी-१०० पडद्यावर ८० अक्षरांच्या २४ ओळी मावत. माझ्या आजच्या लॅपटॉपवर पडदा कितीही मोठा असो, ही खिडकी पहिल्यांदा उघडते ती ८० बाय २४चीच. आणि आतल्या आत तो स्वतःला अजून 'टीटीवाय' म्हणवतो, टेलिटाइपचं लघुरूप. वतन गेलं तरी आडनावातली पाटीलकी सुटत नाही, तसं.

माझी त्याची गाठ पडली २००७मध्ये. तेव्हा मी दुबईतल्या करामा भागात बेडस्पेसवर राहत होतो, म्हणजे एका खोलीतल्या सहा पलंगांपैकी एक माझा. कंपनीचे सर्व्हर इंग्लंडात भाड्यानं घेतलेले. दुबईत कळ दाबायची, अक्षर समुद्राखालून तिकडे जायचं, तिकडून परत यायचं आणि मग माझ्या पडद्यावर उमटायचं. विहिरीत हाक मारावी तसं. पुढच्याच वर्षी, ३० जानेवारी २००८ला, इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्री केबल तुटल्या, आणि दोनच दिवसांनी दुबईपासून ५६ किलोमीटरवर तिसरी. ही तिसरी तोडली होती कुठल्याशा जहाजानं टाकून दिलेल्या पाच-सहा टनांच्या नांगरानं. त्या आठवड्यात मी एक अक्षर दाबायचो, करकचा घोट घ्यायचो, आणि मग ते अक्षर यायचं. करक म्हणजे आपला कडक चहाच. खाडीवर आल्यावर त्याचा ड गेला. बाकीचे सहकारी वेबपान उघडत नाही म्हणून खुर्च्या सोडून गेले होते. काळोबा मात्र उशिरा का होईना, ओ देत होता. दहा अक्षरं सेकंदाला एवढ्यात ज्याचं बालपण गेलं, त्याला बारीक वाट पुरते.

आता त्याच्या मुख्य स्वभावाकडे येतो. काळोबा 'हे' घेत नाही.

आमच्या घराचा, आणि मला वाटतं बहुतेक मराठी घरांचा, अर्धा कारभार 'हे'वर चालतो. "ते हे जरा तिकडे ठेव." "त्याला थोडं हे करून घे, नाहीतर मग हे होईल." "काल ते म्हणत होते ना, त्याचं काय झालं?" यात एकही नाम नाही आणि कुणाचं काही अडत नाही. ऑफिसातही तेच, फक्त हिंदीत. आमच्या टीममध्ये दोघं केरळचे, एक पेशावरचा, एक मनिलाची. सगळ्यांची मिळून भाषा "वो वाला सर्व्हर जरा देख ना". आणि सगळ्यांना तो वाला सर्व्हर कळतो.

काळोबाला कळत नाही. कुठल्या खात्यातला? कुठल्या प्रदेशातला? कुठल्या गटातला? नाव काय, नावात आडवी रेघ आहे की खालची? सगळं सांगा, मग उठतो. एक अक्षर चुकलं तर तो तुमच्या मनातलं ओळखायच्या भानगडीत पडत नाही. 'नाही सापडलं' म्हणतो आणि पुन्हा रेघ लुकलुकवत बसतो. पहिली काही वर्षं मला हा उद्धटपणा वाटायचा. मग लक्षात आलं की दिवसभरात मला पूर्ण वाक्यात बोलायला लावणारा हा एकटाच आहे.

प्रदेशावरून आठवलं. अमिरातीतल्या कंपन्या क्लाऊड वापरायला लागल्या तेव्हा मशीन आयर्लंडात असायची, पुढे मुंबईतही. जून २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टनं दुबईत आणि अबुधाबीत डेटा सेंटरं उघडली. एकाचं नाव 'यूएई नॉर्थ', दुसऱ्याचं 'यूएई सेंट्रल'. त्याच वर्षी जुलैत अ‍ॅमेझॉन बहारीनला आलं आणि ऑगस्ट २०२२मध्ये अमिरातीत. गरज होतीच. २०१९च्या संघीय कायदा क्रमांक २नं रुग्णांची माहिती, परवानगीचे अपवाद सोडले तर, देशाबाहेर ठेवायला मनाई केली. मग दवाखान्यांच्या फायली आयर्लंडच्या थंडीतून उचलून इथल्या ४५ अंशांत आणायची कामं निघाली. उन्हाळ्यात १५ जूनपासून तीन महिने इथे दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजूर लावायला बंदी असते. मशीन मात्र त्याच वेळी भिंतीआड, एसीच्या गारव्यात, चोवीस तास राबत असतात. ती इमारत नेमकी कुठली, हे अ‍ॅमेझॉन सांगत नाही. मी रोज तिच्याशी बोलतो आणि कदाचित रोज तिच्यासमोरून जातही असेन.

तर अ‍ॅमेझॉनच्या अमिरातीतल्या प्रदेशाचं अधिकृत नाव 'मी-सेंट्रल-१'. मूळ दोन अक्षरं मिडल ईस्टची, पण सलग वाचली की होतो 'मी'. बहारीन म्हणजे 'मी-साऊथ-१'. गूगलनं २०२३मध्ये दोह्याला उघडलं त्याचं नाव 'मी-सेंट्रल१', मधली दुसरी आडवी रेघ गाळून. म्हणजे एका रेघेनं माणूस अमिरातीतून कतारमध्ये. आमच्या टीममधल्या कुणालाही यात काही विनोदी दिसत नाही. मला मात्र दर वेळी कुणीतरी आत्मचरित्र सुरू करून पहिल्याच शब्दावर अडकल्यासारखं वाटतं: मी मध्यभागी, मी दक्षिणेला, मी कुठेतरी.

एका सकाळी आदल्या दिवशीच्या कामातून 'मी-साऊथ-१' तसंच राहून गेलं होतं. मी सवयीनं विचारलं, आपले सर्व्हर दाखव. काळोबानं एक चौकटी कंस उघडला आणि लगेच बंद केला. आत काही नाही. कंपनीचे सगळे सर्व्हर, गिऱ्हाइकांच्या नोंदी, तीन वर्षांचं काम, शून्य. माझ्या हाताला घाम फुटला. पेशावरच्या सहकाऱ्यानं मागून वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "भाई, तू बहारीन में ढूंढ रहा है." काळोबा खोटं बोलला नव्हता. बहारीनला आमचं काहीच नव्हतं. मी विचारलं तेवढ्याचंच उत्तर त्यानं दिलं होतं.

याच स्वभावाचा मोठा फटका मला एका गणपतीत बसला. दहा दिवस गावी जायचं होतं. चाचणीसाठी घेतलेली सहा दणकट मशीन होती. निघायच्या आदल्या रात्री मी काळोबाला सांगितलं, ही थांबव. त्यानं थांबवली. मी निर्धास्त मोदक खायला गेलो. परत येऊन पाहतो तर बिल चालूच. ज्या कंपनीच्या क्लाऊडवर ही मशीन होती, तिच्याकडे 'थांबव' आणि 'सोडून दे' या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. थांबवलं की मशीन झोपतं, पण जागा तुमच्याच नावावर अडून राहते, भाडं सुरू. सोडून दिलं की जागा परत जाते आणि मशीनचं भाडं थांबतं. डिस्कचे पैसे तेव्हाही लागतातच.

हे सगळं दस्तऐवजात लिहिलेलं होतं, आणि खरं तर मला दस्तऐवजाशिवायही कळायला हवं होतं. मी शारजात भाड्यानं राहणारा माणूस. वर्षाच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आगाऊ देऊन बसलेला. घराला कुलूप लावून गावी गेलो म्हणून मालक कधी भाडं सोडतो का? किल्ली परत केल्याशिवाय भाडं सुटत नाही, हे इथल्या प्रत्येक परदेशी माणसाच्या हाडात मुरलेलं असतं. सहा मशीनना मी कुलूप लावून गेलो होतो. बाराशे डॉलर, गुणिले ३.६७२५. दिरहम १९९७पासून डॉलरला याच भावानं बांधलेला आहे, त्यामुळे आमच्या चुकांना भावातल्या चढउताराची सूटसुद्धा मिळत नाही. साहेब काही बोलला नाही. बिलातल्या त्या ओळीला पिवळा रंग लावून त्यानं मला पाठवून दिलं. तोही काळोबाच्याच घराण्यातला असावा.

त्यानंतर मी मशीन बंद-चालू करण्याचं काम क्रॉनवर टाकलं. क्रॉन म्हणजे काळोबाचा भालदार. ठरल्या वेळेला ठरलेली आज्ञा देतो. सकाळी सातला उठव, संध्याकाळी सातला सोडून दे, आठवड्याचे पाच दिवस. आमच्या सर्व्हरवर तो मात्र लंडनची जुनी वेळ मोजतो, म्हणून इथले सात त्याचे तीन. आणि तो वार आकड्यांनी ओळखतो, रविवार शून्य. तेव्हा इथे आठवडा रविवारी सुरू व्हायचा आणि शुक्रवार-शनिवार सुट्टी. म्हणून मी लिहिलं होतं: शून्य ते चार.

७ डिसेंबर २०२१ला सरकारनं जाहीर केलं की १ जानेवारीपासून सुट्टी शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस. सारा देश तीन-साडेतीन आठवड्यांत आठवडा बदलून मोकळा झाला. शाळांच्या, बँकांच्या, मशिदीतल्या जुम्म्याच्या नमाजाच्या वेळा बदलल्या. शारजाच्या सरकारनं तर शुक्रवार-शनिवार-रविवार अशी तिहेरी सुट्टी केली. मी घरातलं सगळं बदललं. मुलीच्या बसची वेळ, दूधवाल्याचा हिशेब, आईला फोन करायचा वार. क्रॉनमधला शून्य बदलायचा राहिला. २ जानेवारीच्या रविवारी सकाळी सातला आमची सगळी मशीन उठली, दिवसभर दिवे लावून बसली आणि कुणी न आल्यामुळे संध्याकाळी सातला झोपली. शुक्रवारी ७ तारखेला माणसं आली आणि मशीन झोपलेली. मनिलाच्या बाईंनी मला विचारलं, "तुझ्या देवाला कुणी कळवलं नाही का?" तोपर्यंत काळोबाची कीर्ती तिथवर पोचली होती.

आठवडा तरी आकड्यात बसतो. ईद बसत नाही. रमजानच्या २९व्या दिवशी संध्याकाळी चंद्र पाहणारी समिती बसते. दिसला तर उद्या ईद, नाही तर परवा. आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयाला संकष्टीचा चंद्रोदय मिनिटासकट आधी ठाऊक असतो. काळोबाला चंद्र ठाऊकच नाही. त्यामुळे ती एक संध्याकाळ दर वर्षी माझी असते. सुट्टीची आज्ञा टाइप करून ठेवलेली, एंटरवर बोट, आणि बाल्कनीत शेजारची पोरं आकाशाकडे बघताहेत. बातमी आली की खाली रस्त्यावर हॉर्न वाजतात, मी एंटर मारतो. हजार-दीड हजार वर्षांची रीत आणि माझं क्लाऊडचं बिल एका क्षणी एकाच चंद्रावर अवलंबून असतात, याची मला गंमत वाटते. काळोबाला वाटत नाही.

माझ्या चुका बाराशे डॉलरच्या. या धंद्यात दोन गोष्टी अशा आहेत की त्या आठवल्या की जुनी माणसंही एंटरवरचं बोट जरा उचलून धरतात. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री गिटलॅब कंपनीचा एक इंजिनिअर दमून डेटाबेस दुरुस्त करत होता. दोन मशीन होती, नावात फक्त एका आकड्याचा फरक. दुय्यम मशीनवरचा डेटा पुसायचा म्हणून त्यानं आज्ञा दिली ती मुख्य मशीनवर. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. कंपनीनं लपवालपवी न करता पुढची दुरुस्ती यूट्यूबवर सगळ्यांना उघड दाखवली, हे मला आजही मोठं वाटतं. मग चारच आठवड्यांनी, २८ फेब्रुवारीला, अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या साठवण सेवेचं बिलिंग मंद का चाललंय ते शोधताना एका अधिकृत माणसानं ठरलेल्या पोथीतली आज्ञा दिली, पण तिच्यातला एक तपशील चुकला. काढायचे होते थोडे सर्व्हर, निघाले पुष्कळ. चार तास अमेरिकेतली असंख्य संकेतस्थळं लंगडी झाली. सेवा बंद आहे हे सांगणारा अ‍ॅमेझॉनचा स्वतःचा फलकही त्याच सेवेवर उभा होता, त्यामुळे काही वेळ तो सगळं छान आहे म्हणत राहिला.

त्या दोघांनाही काळोबानं 'नक्की ना?' विचारलं असतं तर, असं वाटतं खरं. काही आज्ञांना तो विचारतोही: हो की नाही, एक अक्षर. पण रोज वीसदा विचारलं की माणूस वीसदा न वाचता 'हो' दाबतो. आमच्याकडे पाहुण्याला 'आणखी एक पोळी?' विचारतात तसंच. प्रश्न कानापर्यंत पोचायच्या आत हात पानावर आडवा झालेला असतो.

म्हणून मी दुसरी युक्ती केली. चाचणीची खिडकी काळी ठेवली आणि जिथे खरी गिऱ्हाइकं आहेत त्या खात्याची खिडकी उघडली की तिची पार्श्वभूमी लाल होईल अशी सोय केली. आई दुसऱ्या खेपेला आली तेव्हा तिनं ती लाल खिडकी पाहिली आणि मान डोलावली. "अखेर शेंदूर फासलास."

१६ एप्रिल २०२४ला, मंगळवारी, या वाळवंटावर एका दिवसात जे कोसळलं ते १९४९पासूनच्या नोंदींत नव्हतं. अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर. आमच्या इमारतीचं तळघर भरलं, गाड्या आत तरंगायला लागल्या, लिफ्ट बंद. रस्त्यावरून पोरं हवा भरलेल्या गादीवर बसून चालली होती. वीज गेली तेव्हा मी लॅपटॉपची उरलेली बॅटरी आणि फोनचं इंटरनेट घेऊन जिन्यात बसलो आणि काळोबाला एकच विचारलं: किती दिवस जागा आहेस? त्यानं एका ओळीत सांगितलं, २११ दिवस. पुढे चार आकडे, कामाचा बोजा वगैरे. पावसाचा उल्लेख नाही. मी ती ओळ पुन्हा पुन्हा मागवली. उत्तरात दर वेळी काही सेकंदांचाच फरक पडत होता, आणि त्या जिन्यात मला तेवढं पुरत होतं. रात्री आईचा फोन आला, बोटिमवर, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलणं इथे होत नाही. "तिकडं ढग फुटला म्हणे. तुझ्या क्लाऊडला काही झालं नाही ना?"

काळोबाकडे एक छोटी आज्ञा आहे, तिचा अर्थ 'मी कोण?' विचारली की तो तुमचं नाव सांगतो. क्लाऊडवर तीच आज्ञा लांबलचक होते आणि उत्तरात बारा अंकी खाते क्रमांक येतो. कोऽहम् म्हणत ज्यांनी गुहेत वर्षं काढली त्यांना हे फार सोपं वाटलं असतं. इथे मात्र प्रश्न तसाही सोपाच आहे. अमिरातीतल्या ओळखपत्रावर पंधरा अंकी आकडा असतो, सगळ्यांचा ७८४नं सुरू होतो, आणि जोवर व्हिसा आहे तोवर ते कार्ड चालतं.

गेल्या वर्षी टीममधला एक रत्नागिरीचा मुलगा परत गेला. नऊ वर्षं होता. शेवटच्या दिवशी चारला त्यानं कार्ड, लॅपटॉप, पार्किंगचा पास टेबलावर ठेवला, मनिलाच्या बाईंनी केक आणला, आणि पाचला मी काळोबाला त्याचं खातं बंद करायला सांगितलं. नाव पूर्ण लिहावं लागतं. 'तो आपला कोकणातला' चालत नाही. मी अक्षर-अक्षर टाइप केलं आणि एंटर मारला. रेघ खाली उतरली. तो दाराशी उभा राहून बघत होता. "काय म्हणाला?" त्यानं विचारलं. "काही नाही," मी म्हटलं. त्याला अर्थ माहीत होता. त्यानं लिहिलेल्या स्क्रिप्टा अजून रोज पहाटे चालतात; पहिल्या ओळीत त्याचं नाव आहे, ते मी काढलेलं नाही.

काळोबाला मराठी येत नाही, हे सांगायचं राहिलं. तो प्रत्येक अक्षराला एकसारखी चौकट देतो, आणि आपल्या वेलांट्या, मात्रा, जोडाक्षरं त्या चौकटीत मावत नाहीत. ओळीत शिंपडल्यासारखी सांडतात. गंमत म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्या संगणकात एकत्र नांदाव्यात म्हणून आज सर्वत्र वापरली जाणारी पद्धत १९९२मध्ये केन थॉम्पसननं रॉब पाइकबरोबर न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर, एका संध्याकाळी आखली. त्याच थॉम्पसननं. अक्षर आत साठवायची सोय झाली, पडद्यावर नीट बसवायची तेवढी राहून गेली.

यंदाच्या खेपेला आई पंच्याहत्तरीची झाली. दुपारी मी करक करायला आत गेलो तेव्हा ती माझ्या खुर्चीत बसली. काळी खिडकी उघडी होती. लाल नव्हती, एवढं मी जाताना पाहिलं होतं. फोनवर मेसेज लिहून लिहून तिला रोमन अक्षरांत मराठी जमतं. एका बोटानं, कळा शोधत, तिनं काहीतरी लिहिलं आणि माझ्यासारखाच शेवटी एंटर मारला. मी बाहेर आलो तर ती चष्मा वर करून पडद्यात बघत होती.

तिनं लिहिलं होतं, 'काय रे'.

"हा इंग्रजीत काहीतरी म्हणतोय," ती म्हणाली. "बोलला म्हणजे बिघडलं का?"

"बिघडलं नाही गं. 'काय' नावाची आज्ञा सापडली नाही म्हणतो."

"आज्ञा मी कुठं केली? विचारलं नुसतं."

तिनं कप माझ्या हातातून घेतला. खिडकीत ओळ संपली होती आणि तिच्याखाली रेघ लुकलुकत होती.